ट्रायपॉड किती स्थिर आहे, हे कसे ओळखावे?

1. खोक्यावरचा आकडा

ट्रायपॉड घ्यायला दुकानात गेलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "हा किती वजन पेलतो?" खोक्यावर 8 किलो किंवा 12 किलो असा आकडा छापलेलाच असतो. कॅमेरा आणि लेन्स मिळून जेमतेम 2 किलो भरतात, तेव्हा हिशेब जमला असे वाटते. मग 200 मिमीच्या लेन्सने दूरच्या डोंगराचा फोटो घेतला जातो, संगणकावर मोठा करून पाहिला जातो, आणि झाडांच्या कडा पुसट दिसतात. 8 किलो पेलणारा ट्रायपॉड 2 किलोला कसा काय हलला?

आकडा खोटा नसतो, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. सरळ खाली दाबणारे वजन किती झाले की पायांची लॉक घसरतात किंवा हेडची पकड सुटते, यावरून तो काढलेला असतो. सुरक्षेसाठी त्यातून किती वजा करायचे, वजन किती वेळ ठेवून पाहायचे, हेड सरळ ठेवायचे की तिरपे, याचे सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारे एकच प्रमाण कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला नाही. त्यामुळे एका कंपनीचे 8 किलो आणि दुसऱ्या कंपनीचे 8 किलो शेजारी ठेवून काही निष्पन्न होत नाही.

जमीन मोजणीच्या उपकरणांचे तसे नाही. त्यांच्या ट्रायपॉडसाठी आयएसओ 12858 या आंतरराष्ट्रीय मानकात वेगळा भाग आहे आणि त्यात माथ्याच्या उंचीत होणारा बदल व माथ्याला पडणारा पीळ या दोन्हींवर मर्यादा घातल्या आहेत. मोजणीदाराला कोन मोजायचा असतो. माथा किंचित फिरला तरी त्याचे काम फसते. खरे पाहता फोटोग्राफरचे दुखणेही तेच आहे. फक्त त्याच्या बाजारात वजनाचा आकडा खपतो.

2. पडणे वेगळे, हलणे वेगळे

स्थिर या शब्दात दोन निरनिराळ्या अपेक्षा मिसळलेल्या असतात. ट्रायपॉड पडू नये ही एक, आणि त्यावरचा कॅमेरा हलू नये ही दुसरी. पहिली समजायला सोपी आहे, म्हणून आधी ती.

तीन पाय जिथे टेकतात ते बिंदू जोडले की जमिनीवर त्रिकोण तयार होतो. कॅमेरा आणि ट्रायपॉड यांचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या वर आहे तोवर ट्रायपॉड उभा राहतो. कोणत्याही तीन बिंदूंतून एक सपाटी जातेच, म्हणून उंचसखल कातळावरही तिन्ही पाय टेकतात. चौथा असता तर तो बहुधा अधांतरी राहिला असता.

समजा, प्रत्येक पाय मध्यापासून 60 सेंमीवर टेकला आहे. त्रिकोणाचे टोक मध्यापासून 60 सेंमी लांब आहे, पण दोन पायांमधली बाजू मध्यापासून फक्त 30 सेंमी. समभुज त्रिकोणात हे अंतर नेहमीच निम्मे असते. कॅमेरा 150 सेंमी उंचीवर आणि एकूण वजन 4 किलो धरले, तर दोन पायांच्या मधल्या दिशेला ट्रायपॉड पाडायला कॅमेऱ्यापाशी लागणारा आडवा रेटा 4 × 30 ÷ 150, म्हणजे 0.8 किलो. पायाच्या दिशेने पाडायचे तर त्याच्या दुप्पट, 1.6 किलो. जड लेन्स लावली की एक पाय लेन्सच्या बरोबर खाली, त्याच दिशेला ठेवावा असे सांगतात, त्यामागे एवढेच गणित आहे.

मधल्या हुकाला 4 किलोची बॅग टांगली की एकूण वजन दुप्पट होते आणि पाडायला लागणारा रेटाही दुप्पट. मात्र टांगलेली बॅग वाऱ्यात झुलू लागली तर तीच ट्रायपॉडला हलवत बसते. म्हणून तिचा तळ जमिनीला जेमतेम टेकेल इतका पट्टा सोडावा.

पडण्याचा प्रश्न इथे संपतो. सावध माणसाचा ट्रायपॉड क्वचितच पडतो. फोटो मात्र उभ्या ट्रायपॉडवरही बिघडतात.

3. किती हलले म्हणजे जास्त?

24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात 36 मिमी रुंद सेन्सरवर 6000 पिक्सेल बसवलेले असतात. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला 0.006 मिमी येतात. लेन्स 200 मिमीची असेल तर कॅमेरा फक्त 6 विकला वळला की चित्र एक पिक्सेल सरकते. एका अंशाच्या 3600 विकला होतात, तेव्हा हा कोन किती बारीक आहे ते लक्षात येईल: एक किलोमीटरवरच्या झाडावर तो 3 सेंमी भरतो. हीच सूट 24 मिमीच्या लेन्सला सुमारे 50 विकला असते. त्यामुळे रुंद निसर्गचित्रे काढणाऱ्याला ज्या ट्रायपॉडविषयी कधीच तक्रार नसते, तोच ट्रायपॉड पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला निकामी वाटू शकतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात. सेन्सरवर पिक्सेल जितके दाटीने बसवलेले, तितकी ही सूट आणखी आवळत जाते.

आता उदाहरणापुरता एक मधल्या प्रतीचा ट्रायपॉड घेऊ. त्याच्या उभ्या अक्षापासून 10 सेंमीवर 30 ग्रॅम वजनाइतका आडवा रेटा दिला की कॅमेरा 6 विकला वळतो, असे धरू. एवढा रेटा कुठून येणार? ताशी 18 किमी वेगाचा वारा म्हणजे झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलवणारी झुळूक. लेन्स आणि तिचे हूड मिळून वाऱ्याला 20 सेंमी लांब आणि 10 सेंमी रुंद अशी बाजू देत असतील, तर या झुळुकेचा रेटा साधारण 30 ग्रॅमच भरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ताशी 36 किमीला 120 ग्रॅम, म्हणजे चार पिक्सेल.

पाडायला 800 ग्रॅम लागत होते आणि फोटो बिघडवायला 30 पुरतात. खोक्यावरचा आकडा या दुसऱ्या बाबतीत गप्प का असतो, ते इथे उघड होते.

एक बारकावा इथे सांगायला हवा. एकसारखा वाहणारा वारा कॅमेऱ्याला थोडा वळवून तिथेच धरून ठेवतो. त्याने फोटो पुसट होत नाही. पुसटपणा येतो तो झोताच्या चढउतारांमुळे. म्हणून सह्याद्रीतल्या एखाद्या कड्यावर वारा थांबण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा दोन झोतांच्या मधली उसंत पकडून लागोपाठ सात-आठ फोटो घेणे शहाणपणाचे. त्यातला एखादा सहसा स्वच्छ निघतो.

4. साखळीतली नरम कडी

ट्रायपॉड हा शब्द एकवचनी असला तरी कॅमेरा आणि जमीन यांच्यामध्ये बऱ्याच वस्तू असतात: लेन्सचा फूट, क्विक रिलीज प्लेट, तिचा स्क्रू, बॉल हेड, माथ्याची पट्टी, पाय, पायांचे रबर. रेटा या सगळ्यांतून जमिनीपर्यंत उतरतो आणि प्रत्येक जण आपापल्या परीने थोडा वाकतो. या वाकण्याची बेरीज होते.

एकाच रेट्याखाली पाय 2 विकला वळले, हेड 3, प्लेट आणि स्क्रू मिळून 1 आणि लेन्सचा फूट 6, तर कॅमेरा एकूण 12 विकला वळला. आता दुप्पट ताठ पाय विकत आणले, तर पायांचे 2 चे 1 झाले आणि बेरीज 11 वर आली. भरपूर पैसे गेले आणि हाती जवळजवळ काहीच लागले नाही. उलट पाय तेच ठेवून लेन्सचा लांबुडका, पोकळ फूट काढून त्या जागी बुटका आणि भक्कम फूट बसवला आणि 6 चे 3 झाले, तर बेरीज 9. महाग ट्रायपॉड घेऊनही फरक का पडला नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच गणित असते. आधी नरम कडी शोधावी, पैसे नंतर काढावेत.

प्लेटवरच्या जाड रबरी किंवा बुचाच्या थरावर विशेष लक्ष ठेवावे. कॅमेऱ्याला ओरखडे पडू नयेत म्हणून तो लावलेला असतो, पण दाबला की तो स्पंजाप्रमाणे वागतो. कॅमेरा उभ्या चौकटीसाठी हेडवर आडवा पाडला की सगळे वजन एका बाजूला लोंबते, तेव्हा हा थर आणि स्क्रू या दोघांची परीक्षा होते. एल आकाराची प्लेट वापरली तर उभ्या चौकटीतही कॅमेरा अक्षाच्या वरच राहतो.

5. कंप किती वेळ टिकतो?

ताठपणा म्हणजे रेट्याखाली किती वाकले याचा हिशेब. रेटा निघून गेल्यावर काय होते, हा वेगळा गुण आहे. पितळी पातेल्याला पळी लागली तर ते बराच वेळ घुमत राहते. लाकडी पाटावर तीच पळी आपटली तर एकदा ठक् होते आणि संपते. ट्रायपॉडमध्येही काही पातेल्याच्या जातीचे असतात, काही पाटाच्या.

ॲल्युमिनियमच्या पायांत कंप रेंगाळतो. कार्बन फायबरमध्ये तो लवकर विझतो, शिवाय वजन कमी. गिट्झो या फ्रान्समध्ये सुरू झालेल्या कंपनीने 1994 साली कार्बन फायबरचे ट्रायपॉड बाजारात आणल्यानंतर हळूहळू सगळ्यांनीच तो रस्ता धरला. कंप गिळण्यात लाकूड आजही कोणाला हार जात नाही. जर्मनीतली बेर्लेबाख कंपनी अजून ॲश वृक्षाच्या लाकडाचे ट्रायपॉड बनवते आणि मोजणीच्या कामातही लाकडी पाय टिकून आहेत. प्रवासात ते वागवायचे कोणी, हा प्रश्न मात्र उरतोच. केवळ कार्बन फायबरचा आहे म्हणून ट्रायपॉड ताठ असेल असे समजू नये. बारीक नळीचा कार्बन जाड नळीच्या ॲल्युमिनियमपुढे सहज हरतो.

कंपाचा आणि शटर स्पीडचा संबंध थोडा चकवणारा आहे. 1/1000 सेकंदात कॅमेऱ्याला हलायला वेळच मिळत नाही. 10 सेकंदांच्या फोटोत बटण दाबल्याचा कंप अर्ध्या सेकंदात विझला, तर एकूण प्रकाशाचा विसावा भागच त्या काळात आला. तो चित्रात जाणवत नाही. खरी पंचाईत मधल्या पट्ट्यात आहे, साधारण 1/60 ते 1/2 सेकंद. तिथे कंप जवळपास पूर्ण फोटोभर जागा असतो. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात आरसा वर आपटल्याने हा पट्टा जास्तच बदनाम झाला. आरसा आधीच उचलून ठेवण्याची सोय, दोन सेकंदांचा टायमर, रिमोट, मिररलेस कॅमेऱ्यातला इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा हे सगळे याच पट्ट्यावरचे उपाय आहेत. म्हणून ट्रायपॉडची परीक्षा घ्यायची तर याच पट्ट्यात घ्यावी.

6. नळ्या, कप्पे आणि मधला दांडा

नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवली तर नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 22 मिमीची नळी आणि 28 मिमीची नळी हातात धरल्यावर फार वेगळ्या वाटत नाहीत, पण 28 चा घन 22 च्या घनाच्या दुपटीहून किंचित जास्त आहे. सहा मिलिमीटरमध्ये ताठपणा दुप्पट. त्यामुळे जाहिरातीतला वजनाचा आकडा सोडून आधी नळीचा व्यास वाचावा, आणि तोही वरच्या जाड नळीचा नव्हे, सगळ्यात खालच्या बारीक नळीचा. पायाचे कप्पे जितके जास्त तितकी शेवटची नळी बारीक, कारण प्रत्येक कप्पा आधीच्या पोटात शिरायचा असतो. पाच कप्प्यांचा ट्रायपॉड बॅगेत मावतो, याची किंमत शेवटच्या काठीसारख्या नळीत मोजावी लागते. उंची कमी चालणार असेल तर ती नळी आतच ठेवावी आणि वरच्या जाड नळ्या आधी बाहेर काढाव्यात.

मधला दांडा वर काढणे म्हणजे तीन पायांच्या माथ्यावर एका पायाचा ट्रायपॉड उभा करणे. डोळ्यापर्यंत उंची हवी तर ती पायांनी मिळाली पाहिजे. दांडा हा अडीअडचणीचा मार्ग आहे, रोजचा नव्हे.

जमिनीकडे दुर्लक्ष होते. घट्ट कातळावर किंवा फरशीवर रबरी टोके चांगली, माती आणि गवतावर अणकुचीदार. कोकणातल्या किनाऱ्यावर लाटेने ओल्या झालेल्या वाळूत पाय टेकवला की प्रत्येक परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि लांब एक्सपोजरच्या मध्यावर क्षितिज हळूच कलते. तिथे पाय आधी जोराने दाबून घट्ट थरापर्यंत रोवावेत. लाकडी तक्तपोशीच्या मजल्यावर आजूबाजूला कोणी चालले तरी चित्र हलते. अशा वेळी ट्रायपॉडला बोल लावण्यात अर्थ नाही.

7. दुकानातली परीक्षा

पाय पूर्ण लांबीवर काढून, दांडा खाली ठेवून, सगळी लॉक आवळून ट्रायपॉड उभा करावा. माथा दोन्ही हातांनी धरून बाटलीचे झाकण पिळतात तसा हलका पीळ द्यावा आणि नजर पायांवर ठेवावी. पाय थोडे लवचिक वाटले आणि सोडल्यावर जागेवर आले तर तो ताठपणाचा प्रश्न. किती लवतो ते दोन-तीन ट्रायपॉड शेजारी ठेवून ताडता येते. पण हाताला आधी काही अंतर मोकळे फिरल्यासारखे लागले आणि मग विरोध आला, तर कुठेतरी सांधा ढिला आहे. माथ्यापाशी पाय जोडणारे बोल्ट पाहावेत. अ‍ॅलन कीने आवळून ढिलाई गेली तर ठीक, नाही तर तो ट्रायपॉड सोडून द्यावा. लवचिकपणाशी तडजोड करता येते, ढिलाईशी नाही.

हेडची परीक्षा कॅमेरा लावूनच होते. लांब लेन्सने एखाद्या दूरच्या पाटीवर फ्रेम जुळवावी, नॉब आवळावा आणि हात काढावा. पाटी चौकटीत किती वर सरकली ते पाहावे. काही बॉल हेड हात काढताच नाक खाली टाकतात. थोडेसे टाकले तर आधीच तितके वर धरून भागवता येते, पण मिनिटभर हळूहळू खाली सरकत राहणारे हेड रात्रीच्या फोटोंच्या कामाचे नाही.

8. घरची परीक्षा

सर्वांत स्वस्त साधन कॅमेऱ्यातच असते. लांबात लांब लेन्स लावून लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करावा, लेन्सचे आणि कॅमेऱ्याचे स्टॅबिलायझेशन बंद करावे, आणि बोटाने पायाला व लेन्सच्या टोकाला टिचकी मारावी. पडद्यावरचे चित्र किती दूर उडते ते ताठपणा सांगते, ते शांत व्हायला किती वेळ लागतो ते कंप विझवण्याची क्षमता. सेकंदाभरात शांत झाले तर दोन सेकंदांचा टायमर निर्धास्त वापरावा. तीन-चार सेकंद लागत असतील तर दहा सेकंदांचा टायमर बरा.

आकडाच हवा असेल तर लेझर पॉइंटर कॅमेऱ्याला चिकटपट्टीने घट्ट बांधावा आणि त्याचा ठिपका 10 मीटरवरच्या भिंतीवर पाडावा. लेझरच्या वाटेत कोणाचे डोळे येणार नाहीत याची काळजी घ्यावी. ठिपक्याभोवती आलेखाचा कागद लावावा. उभ्या अक्षापासून 10 सेंमीवर लेन्सला दोरा बांधून तो ताणकाट्याने आडवा ओढावा, 300 ग्रॅम दिसेपर्यंत. वर घेतलेल्या मधल्या प्रतीच्या ट्रायपॉडमध्ये कॅमेरा 60 विकला वळेल आणि ठिपका सुमारे 3 मिमी सरकेल. दीड मिमी सरकला तर ट्रायपॉड दुप्पट ताठ, 6 मिमी सरकला तर निम्मा. दोरा सोडल्यावर ठिपका मूळ जागी आला नाही तर तिथे घसरण किंवा ढिलाई आहे.

याच युक्तीने नरम कडीही सापडते. दोरा तिथेच ठेवून लेझर आधी पायांच्या माथ्यावर बांधावा, मग हेडच्या पट्टीवर, शेवटी कॅमेऱ्यावर. माथ्यावर ठिपका 1 मिमी सरकला, हेडच्या पट्टीवर 1.5 आणि कॅमेऱ्यावर 4, तर दोष पायांचा नाही आणि हेडचाही फारसा नाही; उरलेले अडीच मिलिमीटर प्लेट आणि लेन्सच्या फुटात आहेत.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष फोटोची. रात्री दूरचा एखादा बारीक दिवा निवडावा, फोकस हाताने पक्का करावा आणि 1/125, 1/30, 1/8, 1/2 अशा वेगांनी प्रत्येकी चार-पाच फोटो घ्यावेत; एकदा टायमरने, एकदा बटण दाबून. फोटो पूर्ण मोठे केल्यावर दिवा ठिपका दिसायला हवा. तो आडवी रेघ झाला असेल तर कॅमेरा उभ्या अक्षाभोवती वळतो आहे: पायांचा पीळ, किंवा हेडचा पॅन नॉब नीट आवळलेला नाही. उभी रेघ असेल तर लेन्स मान हलवते आहे: हेड, प्लेट किंवा लेन्सचा फूट. टायमरने घेतलेले फोटो स्वच्छ आणि बोटाने घेतलेले हललेले असतील तर ट्रायपॉड बदलण्याऐवजी रिमोट घ्यावा. सगळ्या वेगांना दिवा सारखाच गोल आणि सारखाच मऊ दिसत असेल तर फोकस चुकला आहे. दिवसा दूरच्या डोंगराच्या फोटोतही प्रत्येक वेगाला तसाच मऊपणा दिसला, तर फोकसबरोबर तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेची थरथरही लक्षात घ्यावी. दुपारी ती कोणताही ट्रायपॉड थांबवू शकत नाही, आणि तोच फोटो सकाळी लवकर घेऊन पाहावा लागतो.